खुट्टमामांचं खोकं

माझ्या मामांना कारखान्यात कुणीही नावाने हाक मारत नाही. सगळे 'खुट्टमामा' म्हणतात, आणि ते ओ देतात. दगडाची वस्तू खोक्यात बंद झाली, की मामा ते खोकं कप्पीने वीतभर वर उचलायला लावतात, दोघांना ते हलकेच हलवायला सांगतात आणि स्वतः फळीला कान लावून, डोळे मिटून उभे राहतात. आत कुठे नुसतं खुट्ट झालं, तरी खोकं खाली, स्क्रू बाहेर, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. डॉक्टरसुद्धा रोग्याच्या छातीला इतका वेळ नळी लावत नसेल. त्या वेळी आजूबाजूच्या कुणाला खोकला आला, तर त्याने तो गिळायचा असतो.

आमचा कारखाना म्हणजे पत्र्याच्या दोन मोठ्या शेड आणि मधे खडीचा रस्ता. एका शेडमध्ये बागेत ठेवायच्या दगडी वस्तू घडतात. कारंजी, बाकं, पक्ष्यांना पाणी प्यायला पसरट भांडी, ससे, बेडूक, सिंह. दुसऱ्या शेडमध्ये त्या जहाजाने परदेशी जाण्यासाठी बांधल्या जातात. पहिल्या शेडमध्ये पाथरवटाचं राज्य, दुसऱ्यात मामांचं. रस्त्याच्या टोकाला ऑफिसची खोली आहे, तिथे मी बसते. परदेशातल्या गिऱ्हाइकांशी त्यांच्या भाषेत पत्रव्यवहार करायचा आणि मालाची कागदपत्रं तयार करायची, हे माझं काम. ही नोकरी मला मामांनी लावून दिली. मी ते विसरेन की काय, अशी त्यांना आठवड्यातून एकदा तरी शंका येते, आणि मग ते आठवण करून देतात.

मामा मुळात सुतार. दारं-खिडक्या करायचे. तीसेक वर्षांपूर्वी थोरल्या मालकांनी, म्हणजे आताच्या मालकीणबाईंच्या सासऱ्यांनी, त्यांना खोकी करायला बोलावून घेतलं. पहिल्याच वर्षी मामांनी एक बसलेला सिंह पाठवला. भरपूर भुसा भरला, खिळे ठोकले आणि विसरून गेले. तीन महिन्यांनी परदेशातून एक जाडसं पाकीट आलं. आत चिठ्ठी-चपाटी काही नव्हती. सिंहाच्या शेपटीचं टोक होतं, कापसात नीट गुंडाळलेलं. थोरले मालक ते हातात घेऊन एवढंच म्हणाले, की गिऱ्हाइकाला बांधाबांधी आपल्यापेक्षा बरी जमते.

मामांचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. मामी सांगते, की ते दोन दिवस जेवले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी तिसऱ्या दिवसाचं धरून तिन्ही दिवसांचं जेवले. दुधाने तोंड पोळलं आणि तेव्हापासून मामा ताकही फुंकून प्यायला लागले. खिळे बंद झाले, कारण बोटीच्या हादऱ्यांनी खिळा हळूहळू वर येतो. त्यांच्या जागी स्क्रू आले. भुसा बंद झाला, कारण तो खाली बसतो आणि वर पोकळी राहते. त्यांच्या हातून गेलेल्या वस्तूचा पुढे टवकासुद्धा उडाला नाही.

याचा त्रास घरच्यांना झाला. दोन दिवस पाहुणं म्हणून जायचं असलं, तरी मामांची बॅग अशी भरलेली असते, की ती विमानातून टाकली तरी आतला आरसा हसत बाहेर यावा. माझ्या लग्नात आलेला काचेच्या पेल्यांचा सेट त्यांनी मोठ्या मायेने बांधून दिला. त्याला आता सहा वर्षं होतील. आमच्याकडे पाहुणे अजून स्टीलच्या पेल्यातूनच पाणी पितात.

तर गोष्ट घडली ती बगळ्यामुळे.

परदेशातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी आमच्या पुस्तिकेतलं चित्र बघून बगळा मागवला. माणसाच्या छातीइतका उंच, करड्या दगडाचा, एका पायावर उभा, मान जरा वळवलेली. पाथरवटाने त्याच्यावर दोन महिने घालवले. पाथरवट हा मामांचा जुना दोस्त आणि तितकाच जुना वैरी. त्याचं म्हणणं असं, की वस्तू घडवतो तो कारागीर आणि तिच्यावर पांघरूण घालतो तो गडी. मामांचं म्हणणं असं, की पाथरवटाने घडवलेली वस्तू कारखान्याच्या फाटकापर्यंतच सुंदर असते, पुढची सगळी करामत खोक्याची. ही चर्चा दोघं रोज दुपारी चहाबरोबर करतात, आणि चहा संपला की ती संपते.

बगळा तयार झाल्यावर मामा दोन दिवस नुसते त्याच्याभोवती फिरले. घरीही त्यांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. एकदा मामी स्वयंपाकघरात आली, तर हे ओट्याजवळ एक पाय वर घेऊन, मान वाकडी करून उभे. तिने पाठीत उसण भरली का म्हणून विचारलं. मामा म्हणाले, की वजन नेमकं कुठे पडतं ते बघतोय. मामी म्हणाली, वजन कुठे पडतंय ते सगळ्यांना पट्ट्याच्या वर दिसतंय, आता पाय खाली घ्या आणि दूध उतरवा.

तिकडे पाथरवट रोज येऊन चौकशी करायचा. "माझा पक्षी केव्हाचा एका पायावर तयार आहे," तो म्हणायचा, "तुझ्याच खोक्याचा पत्ता नाही."  मामांनी बगळा आधी आठ दिवस उन्हात सुकवला. दगड पाणी धरून ठेवतो. बंद खोक्यात ते पाणी बाहेर येतं आणि दगडावर डाग पडतात. मग लाकूड आणलं तेही भट्टीत तापवून कीड मारल्याचा शिक्का असलेलं, कारण त्या शिक्क्याशिवाय दुसरे देश लाकूड आत घेत नाहीत. खाली जाड ठोकळ्यांची बैठक केली आणि बगळ्याचा दगडी पाया तिला पट्ट्यांनी आवळला. पोटाखाली पोटाच्याच आकाराचा, नमदा म्हणजे दाबलेल्या लोकरीचं जाड कापड लावलेला लाकडी आधार पाचरी ठोकून बसवला, म्हणजे सगळा भार त्याच्यावर यावा आणि बारीक पायाला काही कळूच नये. अंगाला दोन्ही बाजूंनी पट्ट्या आल्या आणि मानेला दोन भागांची लाकडी पट्टी, कपड्याला कॉलर असते तशी. चोचीच्या चारी बाजूंना मात्र मामांनी काहीही ठेवलं नाही. चोच मोकळी हवी, ते म्हणायचे, तिला कशाचाही स्पर्श होता कामा नये.

मग फळ्या चढल्या. चारही बाजूंना प्रत्येकी अठ्ठावीस स्क्रू आणि झाकणाला बत्तीस. खोकं उचललं, हलवलं, मामांनी कान लावला. आत शांतता. तेव्हा मामांनी शेवटचा हात फिरवला, आणि हाच पुढे नडला. समुद्राच्या खाऱ्या हवेने स्क्रू गंजतात, म्हणून त्यांनी प्रत्येक स्क्रू लाकडात खोल बसवला होता. आता भुसा आणि सरस कालवून त्यांनी ती सगळी भोकं बुजवली, वाळल्यावर वरून रंधा मारला आणि पॉलिश-कागद फिरवला. असं ते मोठ्या खोक्यांना नेहमीच करत, पण या वेळी त्यांनी जीव ओतला. खोकं असं झालं, की बोट फिरवलं तरी स्क्रू कुठे आहे ते लागू नये. पाथरवट बघायला आला, फेरी मारली आणि म्हणाला, "नाकापेक्षा मोती जड झाला रे." मामांनी ते कौतुक समजून घेतलं.

बगळा गेला. सात आठवड्यांनी, एका गुरुवारी सकाळी, त्या बाईंचं ई-मेलने पत्र आलं. मी ते दोनदा वाचलं आणि मालकीणबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी मामांना बोलवायला सांगितलं.

बाईंनी फार सभ्यपणे लिहिलं होतं. तुम्ही पाठवलेला लाकडी ठोकळा सुखरूप पोहोचला. तो अतिशय देखणा आहे. तीन आठवडे झाले, तो माझ्या बागेत आहे आणि येणारे-जाणारे त्याची तारीफ करतात. मी त्यावर कुंड्या ठेवल्या आहेत. पण मी बगळा मागवला होता. तो याच्या आत आहे का? असल्यास, आत कसं जायचं? की हा ठोकळा असाच ठेवायचा असतो?

पुढचा मजकूर वाचताना मी मामांकडे बघायचं टाळलं. बाईंचे शेजारी दातांचे डॉक्टर होते, आता निवृत्त. त्यांनी कटावणी घालून बघितली, पण फटच सापडेना. मग त्यांनी ड्रिलने एका बाजूला दोन भोकं पाडून बघितली आणि काहीतरी मऊ लागलं म्हणून थांबले. आता त्यांनी एक लाकूडतोड्या बोलावला होता. तो शुक्रवारी दुपारी यांत्रिक करवत घेऊन येणार होता आणि खोकं मधोमध कापणार होता.

मामांनी कुठल्या बाजूला भोकं पाडली ते विचारलं. पत्रासोबत फोटो होता. मामांनी तो बघितला आणि स्टुलावर बसले. वरच्या भोकापासून चोच चार बोटांवर होती.

 मग मामा जरा सावरले आणि म्हणाले, की माणसं अडाणी असतात, त्याला आपण काय करणार. इतकं साधं खोकं उघडता येत नाही. मालकीणबाई शांतपणे म्हणाल्या, "मामा, तुम्ही आजवर असं बुजवलेलं खोकं कधी बाहेरून उघडलंय?"

 एवढ्या वर्षांत मामांनी हजारो खोकी बंद केली होती. सरस लावायच्या आधी उघडलेलीही पुष्कळ होती. पण रंधा मारलेलं, गुळगुळीत झालेलं खोकं एकदा फाटकाबाहेर गेलं, की पुढे त्याचं काय होतं, याचा त्यांनी कधी विचारच केला नव्हता. सासरी गेलेल्या मुलीसारखं ते सुखी असणार, असं ते धरून चालले होते. मग मला आठवलं, की मधल्या काळात दोन-तीन गिऱ्हाइकांनी 'खोकं उघडायला सुताराला बोलवावं लागलं' असं लिहिलं होतं, आणि मीच ते मामांपर्यंत पोहोचवलं नव्हतं. त्यांना वाईट वाटेल म्हणून. ते मी त्या वेळीही सांगितलं नाही.

मी लगेच बाईंना कळवलं, की कृपा करून कापू नका, उद्या तुमच्या सकाळी आम्ही व्हिडिओ कॉलवर तुमच्यासमोर येतो आणि एकेक फळी काढून घेतो. त्यांची सकाळ म्हणजे आमची संध्याकाळ. मालकीणबाईंनी मामांना उद्यापर्यंत काय लागेल ते विचारलं. मामा म्हणाले, तसंच दुसरं खोकं.

त्या दिवशी पॅकिंगच्या शेडमध्ये बाकीचं सगळं काम थांबलं. मामांनी हाताखालच्या दोन सुतारांना घेऊन हुबेहूब तसं खोकं उभं केलं, आत फक्त बगळा नव्हता. बत्तीस आणि एकशे बारा स्क्रू, सरस, भुसा, रंधा, सगळं. दुसऱ्या दिवशी सकाळी सरस वाळल्यावर ते हत्यारं घेऊन स्वतःच्या खोक्यासमोर उभे राहिले. आम्ही सगळे रस्ता ओलांडून बघायला गेलो. पाथरवटाने तर बसायला दगड आणला.

पहिला स्क्रू सापडायला अर्धा तास लागला. मामा कोपऱ्यापासून वीत मोजायचे, टोचणीने खरवडायचे, आणि खाली नुसतं लाकूड निघायचं. मग दुसरीकडे. कपाळावर घाम, मिशीत भुसा. ते खोक्याशी जे बोलत होते, ते माझ्या कामात कधी भाषांतराला आलं तर मी नोकरी सोडेन. शेवटी झाकण निघालं तेव्हा एक तास चाळीस मिनिटं झाली होती. इतका वेळ गप्प बसलेला पाथरवट मी कधी बघितला नव्हता. उठताना फक्त म्हणाला, "आत चोर कोंडला असता तर सुटला नसता." आणि मग, जरा थांबून, मामांच्या हातातली कटावणी घेऊन पुढची फळी काढायला त्यानेच मदत केली.

संध्याकाळी मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले. मामीपण आली होती, ठेवणीतले कपडे घालून. तिला कुणी बोलावलं नव्हतं. परदेशी बाईशी हे काय बोलतात ते एकदा बघावं, असं तिने ठरवलं होतं. मी शेडमध्ये टेबलावर लॅपटॉप ठेवला, त्याचं तोंड त्या जोडखोक्याकडे केलं. पलीकडे एक हिरवीगार बाग दिसली, वाफ्यांच्या कडेला विटा लावलेली. मधोमध आमचं खोकं. बाजूला लोकरी टोपी घातलेल्या, काठी टेकलेल्या बाई आणि हत्यारांची पेटी घेऊन दातांचे डॉक्टर. डॉक्टर उंच होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर तो विश्वास होता, जो आयुष्यभर हट्टी दात उपटलेल्या माणसाच्याच चेहऱ्यावर दिसतो.

मामांनी सुरुवात केली. कोपऱ्यापासून एक वीत आणि दोन बोटं, तिथे पहिला स्क्रू. मी भाषांतर केलं. डॉक्टरांनी आपली वीत लावली, खरवडलं, काही नाही. पुन्हा लावली, काही नाही. मामा इथे दाखवत होते, डॉक्टर तिथे शोधत होते, आणि घड्याळात लाकूडतोड्याची वेळ जवळ येत चालली होती. दहा मिनिटं हे चाललं. मग मामी स्टुलावरून उठली, भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली टेप काढली आणि मामांच्या हातात दिली.

"अहो, त्यांचा हात बघा केवढा आहे," ती म्हणाली. "तुमच्या विता त्यांच्या कशा होतील?"

मामा टेपने मोजमाप करत नाहीत, ही कारखान्यात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट. त्यांनी टेप घेतली. मोजून आकडा सांगितला, मी तो पुढे सांगितला, डॉक्टरांनी खरवडलं, आणि पलीकडून बाईंचा टाळी वाजवल्याचा आवाज आला. पहिला स्क्रू सापडला होता.

त्यानंतर गाडं रुळावर आलं. मामा इकडे एक स्क्रू काढायचे, डॉक्टर तिकडे. आकडा, स्क्रू, आकडा, स्क्रू. बाई वाडगा घेऊन उभ्या होत्या आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्यात टाकून मोठ्याने मोजत होत्या. मामीने त्यांच्या भाषेतले दहापर्यंतचे आकडे तेव्हाच शिकून घेतले. बत्तिसाव्याला झाकण उचललं, मग समोरची बाजू निघाली, आणि आत बगळा दिसला. नमदा, पट्ट्या, आधार, सगळ्यांच्या मधे मान वळवून उभा, जणू इतका वेळ कोण येतंय त्याची वाट बघत होता.

डॉक्टरांना हुरूप आला. समोर मानेची पट्टी होती, तिला दोनच स्क्रू. त्यांनी त्यावर हत्यार ठेवलं. पण पोटाखालचा आधार अजून पाचरींवर उचललेला होता, आणि बाजूच्या पट्ट्या त्यांनी आधीच काढल्या होत्या. मानेचा धरही गेला असता तर बगळा त्या आधारावरून कलंडला असता आणि बारीक पाय मोडला असता.

"अहो, थांबा!" मामा ओरडले.

मी भाषांतर करायच्या आधीच डॉक्टर थांबले. हात वर करून, जागच्या जागी. मामीने नंतर मला सांगितलं, की तो आवाज मामांनी लग्नानंतर दोनदाच काढलाय, आणि दोन्ही वेळा शेजारचीही माणसं थांबली होती.

मामांनी मग सावकाश समजावलं. आधी पोटाखालच्या पाचरी, उजवी मग डावी. मग बैठकीचे पट्टे. मान सगळ्यांत शेवटी, आणि ती काढताना बाईंनी पंख्यावर नुसता हात ठेवायचा, जोर लावायचा नाही. घाबरून ते पंखाला पंखा म्हणून गेले. बाईंनी काठी गवतात टाकली आणि दोन्ही हात ठेवले. कॉलर निघाली. बगळा आपल्या दगडी बैठकीवर, एका पायावर, कुणाच्याही आधाराशिवाय उभा होता, आणि त्याच्या मागे खरी झाडं होती.

मामा पुढे वाकून बघत राहिले. आजवर त्यांनी प्रत्येक वस्तू शेडच्या पत्र्याखालीच बघितली होती. बागेत ती कशी दिसते, हे पुस्तिकेतल्या चित्रांशिवाय त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी मला हळूच सांगितलं, चोच बघायला सांग. बाईंनी चोचीवर बोट फिरवलं. अखंड होती. पाथरवट मागे येऊन उभा राहिला होता, त्याने नाक शिंकरलं.

मग बाईंनी विचारलं, की हे खोकं कुणी केलं. मी मामांकडे बोट दाखवलं. त्यांना आश्चर्य वाटलं. त्यांची समजूत अशी, की असलं काम एखादं मोठं यंत्र करत असणार. त्या कॅमेऱ्याच्या जवळ आल्या आणि मामांकडे बघून बोलल्या. मामांनी विचारलं, काय म्हणाल्या.

मी सांगितलं, की आजवर त्यांच्यासाठी कुणी कुठलीच वस्तू इतकी जपून पाठवली नव्हती.

मामांचे कान लाल झाले. पण मामी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"अजून काहीतरी म्हणाल्या त्या," ती म्हणाली. "सगळं सांग."

मग मला सांगावंच लागलं. बाई पुढे म्हणाल्या होत्या, की त्यांना सांगा, पुन्हा असं करू नका.

मामी इतकी हसली, की तिला स्टूल शोधावं लागलं. पलीकडे बाईंनाही हसू आवरेना, त्यांना शब्द कळले नसले तरी. डॉक्टर हसले. मालकीणबाई दाराशी उभ्या होत्या, त्या तोंड फिरवून हसल्या. मामा सगळ्यांत शेवटी हसले, तेही जरा बेतानेच, पण हसले. तेवढ्यात पलीकडे लाकूडतोड्या करवत घेऊन फाटकातून आत आला आणि समोर उभा असलेला पक्षी बघून तिथेच थबकला. बाईंनी त्याला चहा दिला आणि जुनं सफरचंदाचं झाड दाखवलं, तेवढंच कापून घेतलं.

सोमवारी मामा मालकीणबाईंकडे गेले आणि सांगितलं, की सरस बंद. स्क्रू आता उघडे ठेवायचे, गंजायचा नाही असा धातू घ्यायचा, आणि जे स्क्रू आधी काढायचे त्यांच्याभोवती लाल गोल काढायचा. खोक्यावर एक कागदही चिकटवायचा, चित्रांचा, म्हणजे भाषेची अडचण नको. चित्रं मामांनी स्वतः काढली. त्यांना सुतारकाम येतं, चित्रकला येत नाही. पहिल्या चित्रातला स्क्रू काढणारा माणूस बेडकासारखा दिसतो आणि दुसऱ्या चित्रात त्याला तीन हात आहेत. मी चांगल्या चित्रकाराकडून काढून घेऊ म्हणाले, तर मामा म्हणाले, कळायला हवं, सुंदर कशाला. तीन हातांचं चित्र अजून तसंच जातं. एका गिऱ्हाइकाने लिहिलं, की सूचना उत्तम होत्या, मात्र तिसऱ्या हातासाठी मेव्हण्याला बोलवावं लागलं.

बाईंनी त्या खोक्याच्या फळ्या टाकल्या नाहीत. डॉक्टरांकडून पुन्हा जोडून घेतल्या, पुढची बाजू उघडी ठेवली, आणि आत बागेची हत्यारं ठेवायला लागल्या. त्यांनी फोटो पाठवला. बगळा एका कोपऱ्यात, खोकं समोर, मधोमध. मामांनी तो फोटो पाथरवटाला दाखवला आणि विचारलं, यात आधी काय दिसतं. पाथरवटाने फोटो बराच वेळ बघितला, चहाचा पेला खाली ठेवला आणि कामाला निघून गेला. त्या दोघांच्या भांडणात मामा जिंकल्याची माझ्या बघण्यातली ही एकच वेळ. मामांना ती पुरेशी वाटते, कारण ते अजून तिच्याविषयी बोलतात.

गेल्या वर्षी मामा निवृत्त झाले. निरोपाला काय हवं, असं मालकीणबाईंनी विचारलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, घड्याळ मागतील. मामांनी बंदर बघायचं म्हणून सांगितलं. त्यांनी आयुष्यभर बोटीने माल पाठवला होता, पण बोट कधी बघितली नव्हती. मालकीणबाईंनी गाडी दिली. मामा, मामी आणि मी गेलो. कठड्याच्या अलीकडून बघायची परवानगी मिळाली. समोर रंगीबेरंगी कंटेनरचे डोंगर आणि त्यांना उचलून बोटीत ठेवणाऱ्या उंच क्रेन. प्रत्येक कंटेनर खाली टेकताना धप्प आवाज व्हायचा, आणि प्रत्येक धप्पला मामा डोळे मिटायचे.

मामांचं शेवटचं खोकं, पक्ष्यांच्या पाण्याचं एक मोठं भांडं, यांतल्याच एका कंटेनरमध्ये असणार, असं मामांना वाटत होतं. मामीने विचारलं, "यातलं तुमचं कुठलं?"

मामांनी क्षणभर त्या शेकडो डब्यांवरून नजर फिरवली आणि ठामपणे एका निळ्या कंटेनरकडे बोट दाखवलं.

कागद माझ्या पर्समध्ये होते. आमचा कंटेनर तांबडा होता आणि ती बोट मंगळवारीच निघून गेली होती. मी पर्सची चेन लावून घेतली.

मामीने हात कपाळावर आडवा धरून त्या निळ्या कंटेनरकडे नीट बघितलं. तिला मामांचं खोटं बोलणं लांबूनही ओळखू येतं.

"चांगला दिसतोय," ती म्हणाली.

मग ती दोघं कठड्याला टेकून, त्या निळ्याची पाळी येईपर्यंत थांबली. त्याला पाऊण तास लागला. तोवर मामी दोनदा चहाचं म्हणाली, पण जागची हलली नाही.